दोन शिक्षक, चार वर्ग आणि एक पडदा

हिंगोली जिल्ह्याच्या वायव्येस, वाशीम जिल्ह्यातील रिसोड आणि परभणी जिल्ह्यातील जिंतूर या तालुक्यांना लागून असलेला सेनगाव तालुका सोयाबीन, कापूस आणि हळद यांवर जगतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ७७ हजारांच्या आसपास असून त्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहतात, आणि सेनगाव तालुक्यात तर हे ग्रामीणपण अधिकच ठळक आहे. गोरेगाव, आजेगाव, साखरा, पानकनेरगाव अशी मोठी गावे वगळली की उरतात त्या लहान वाड्या आणि तांडे. तेथे शाळा म्हणजे बहुधा जिल्हा परिषदेची, चौथी किंवा पाचवीपर्यंतची, दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची शाळा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून देतो. त्यामुळे चाळीस मुलांच्या शाळेत वर्ग चार आणि शिकवणारे दोन, ही स्थिती कोणाच्या हलगर्जीपणातून येत नाही, ती नियमाप्रमाणेच येते. एका शिक्षकाने एकाच वेळी दोन इयत्ता सांभाळण्याच्या या पद्धतीला जोडवर्ग म्हणतात, आणि तिचे व्यवहारातले रूप असे, की दुसरीला हातच्याची बेरीज शिकवली जात असताना पहिली पाटीवर अक्षरे गिरवत असते, धड्याची चित्रे पाहत असते किंवा नुसतीच बसलेली असते.

शाळेतील तंत्रज्ञान आणि ऑनलाइन शिक्षण यांच्या परिणामकारकतेविषयी जगभरात जे संशोधन झाले आहे, ते या बसून राहिलेल्या इयत्तेच्या बाजूने वाचले असता बरेच सुसंगत दिसू लागते. एरवी ते परस्परविरोधी निष्कर्षांचे गाठोडे वाटते. त्यातील गोंधळाचा एक भाग शब्दांच्या सैल वापरामुळे आहे. शिक्षक आणि विद्यार्थी वेगवेगळ्या ठिकाणी असून इंटरनेटवरून शिकवणे-शिकणे चालते ते ऑनलाइन शिक्षण. प्रत्यक्ष वर्ग आणि ऑनलाइन काम यांची सांगड घातलेली असते ते मिश्र शिक्षण. आणि वर्गातच संगणक, टॅब किंवा पडद्याच्या आधारे सराव करवून घेतला जातो ते संगणक-साहाय्यित शिक्षण. तिन्हींची किंमत, गरजा आणि परिणाम भिन्न आहेत. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच असा मुद्दा मांडला होता, की माध्यम हे किराणा पोहोचवणाऱ्या ट्रकसारखे असते आणि ट्रक बदलल्याने धान्याचे पोषणमूल्य बदलत नाही. हे म्हणणे थोडे टोकाचे आहे, कारण काही माल विशिष्ट वाहनातूनच नीट पोहोचतो. तथापि चांगल्या पडद्यावर दाखवलेला वाईट पाठ वाईटच राहतो, एवढे त्यातून निश्चित घेता येते.

महाराष्ट्रात हा ट्रक अनेकदा बदलला आहे. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सर्वांना ठाऊक असलेल्या ‘बालचित्रवाणी’ने, दूरदर्शनवरून शालेय कार्यक्रम पोहोचवले आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याआधीच ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा येथे संदीप गुंड या जिल्हा परिषद शिक्षकाने उभी केलेली डिजिटल शाळा राज्यभर पाहिली जाऊ लागली होती. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, एलईडी टीव्ही आणि टॅब घेण्याची लाटच आली. या लाटेची एक बाजू खरोखर कौतुकाची होती, कारण शाळेसाठी वर्गणी काढण्याची सवय गावांना नव्याने लागली. दुसरी बाजू अशी, की ‘डिजिटल शाळा’ ही उपाधी उपकरण आले की मिळत असे. त्या उपकरणाने मुलाला काय येऊ लागले, याची नोंद कोणत्याच रकान्यात नव्हती.

याच काळातील अधिक टिकाऊ कल्पना पाठ्यपुस्तकातच शिरली. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, चित्रफिती आणि प्रश्न ठेवण्याचा प्रयोग केला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत तो राज्यभर आला, आणि डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, ज्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोड ही मुळात जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी १९९४ मध्ये काढलेली खूण. तिच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला खूण कोणत्या दिशेने धरली आहे हे कळते, आणि मधल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत माहिती अशा गणिती पद्धतीने पुन्हा पुन्हा गुंफलेली असते, की काही भाग शाईने किंवा भाजीच्या डागाने झाकला गेला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवता येतो. दप्तरात वर्षभर मळणाऱ्या पुस्तकासाठी हा गुण मोलाचा आहे. पुस्तकातील कोड ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठावर नेतो. कोडखाली सहा अक्षर-अंकांची खूण छापलेली असल्याने कॅमेरा चालत नसेल तर ती टाइप करूनही तेथे पोहोचता येते, आणि एकदा उतरवून घेतलेले साहित्य नंतर इंटरनेटशिवाय चालते. सेनगावच्या दृष्टीने या सगळ्यात शेवटची सोय सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तालुक्याच्या ठिकाणी रेंज असताना उतरवलेला पाठ तांड्यावरच्या शाळेत नेऊन दाखवता येतो.

साधने अशी येत गेली. त्यांच्यामुळे मुले जास्त शिकली काय, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर शेजारच्या गुजरातेत मिळते. वडोदऱ्यातील महानगरपालिका शाळांत ‘प्रथम’ या १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुले बसत आणि प्रश्न मुलाच्या कुवतीनुसार सोपे-अवघड होत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दुसऱ्या वर्षी गणितातील वाढ ०.४७ प्रमाण विचलन इतकी होती. प्रमाण विचलन म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले आहेत याचे माप. ०.४७ ची वाढ याचा साधा अर्थ असा, की शंभर मुलांच्या गुणानुक्रमे लावलेल्या रांगेत बरोबर मध्ये उभे असलेले मूल साधारण अठरा मुलांना मागे टाकून पुढे सरकते. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र या लाभाचा थोडाच अंश शिल्लक होता, ही गोष्ट त्याच अभ्यासात नोंदलेली असूनही उत्साही भाषणांत ती सहसा येत नाही.

दुसरा अभ्यास त्याहून बोलका आहे. ‘ज्ञानशाला’ या गुजरातमधील संस्थेच्या शाळांत ली लिंडेन या अर्थतज्ज्ञांनी एकच गणित-कार्यक्रम दोन प्रकारे वापरून पाहिला. काही शाळांत तो शाळेच्या वेळात, शिक्षिकेच्या तासाच्या जागी चालवला गेला आणि काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, तासाच्या जोडीला. जोडीला चालवला तेथे मुलांची प्रगती ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. तासाच्या जागी चालवला तेथे ती ०.५७ ने घटली, म्हणजे मध्यावरचे मूल रांगेत बावीसेक स्थाने मागे गेले. संगणक आणि त्यावरचे प्रश्न दोन्हीकडे तेच होते. ज्ञानशालेत शिक्षिकांचे पाठ मुळातच नीट आखलेले असत, आणि यंत्राने त्या चांगल्या तासावरच अतिक्रमण केले. तंत्रज्ञान किती आधुनिक आहे यापेक्षा ते दिवसातील कोणत्या वेळेची जागा घेते, यावर परिणाम ठरतो, हे या एका प्रयोगाने जितके स्वच्छ दाखवले तितके क्वचितच कोणी दाखवले असेल.

उपकरण नुसते हाती दिल्याने काय होते, हेही तपासले गेले आहे. पेरू देशाने प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या योजनेवर मोठा खर्च केला. तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांच्या पाहणीत सुमारे सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषा या विषयांत कोणताही फरक आढळला नाही. याउलट दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांना शाळा सुटल्यावर नव्वद मिनिटे, त्यांतील निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा लहान गटात साहाय्यक शिक्षकाजवळ, असा ‘माइंडस्पार्क’ हा कार्यक्रम दिला गेला, तेव्हा साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ झाली. कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासातील खरी बातमी वेगळीच होती: सहावीतील मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते, आणि कार्यक्रम त्याला सहावीचे प्रश्न न देता त्याला जेथपर्यंत येत होते तेथून सुरुवात करून देत होता. वर्गातील एका शिक्षकाला चाळीस मुलांच्या चाळीस पातळ्या एकाच तासात हाताळणे अशक्य असते. यंत्राची खरी सरशी तेथे आहे.

यामागचे कारण शिकण्याच्या प्रक्रियेत सापडते. मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांतून वारंवार असे दिसले आहे, की वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून ते आठवून सांगण्याचा प्रयत्न केल्याने ज्ञान अधिक काळ टिकते. याला आठवणीचा सराव म्हणता येईल. चुकीचे उत्तर लगेच दुरुस्त झाले तर सराव फळतो, आठवड्याने दुरुस्त झाले तर तोवर चूक पक्की होते. शिवाय माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी मनात धरून ठेवता येणारी माहिती, फार मर्यादित असते. पडद्यावर नाचणारी अक्षरे, पार्श्वसंगीत आणि निवेदन यांचा एकदम मारा झाला की ती भरून जाते आणि मूळ मुद्दा निसटतो. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी याला बोधात्मक भार असे संबोधले. या तीन गोष्टी लक्षात घेतल्या की वर्गातील टीव्हीविषयीचा निर्णय बराच सोपा होतो. पचनसंस्थेची दहा मिनिटांची चित्रफीत सलग लावून शिक्षक हजेरीपट भरत बसले, तर मुले रमतात आणि थोडे शिकतात. तीच चित्रफीत घास अन्ननलिकेत शिरताना थांबवून, ‘आता हा घास कुठे जाईल?’ असे विचारून, तिघा-चौघांकडून उत्तरे काढून, फळ्यावर त्यांचीच आकृती पूर्ण करून घेऊन पुढे चालवली, तर तीच दहा मिनिटे पंचवीस मिनिटांचा चांगला तास होतात. रिमोटवरील विरामाची कळ ही या उपकरणातील सर्वांत शैक्षणिक कळ होय, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

अशा सर्व मर्यादा दूर सारून, शाळेशिवाय केवळ ऑनलाइन शिक्षण चालवून पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयोग करोनाने लादला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. मधल्या काळात वरचे वर्ग कधी उघडले, कधी मिटले. ग्रामीण भागात पाचवी आणि त्यापुढचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून आणि पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाले. याचा अर्थ जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल प्रथमच नियमितपणे वर्गात बसले ते दुसरीत असताना. या पोकळीत ‘दीक्षा’वरील साहित्य होते, सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका होती, आणि सर्वांहून अधिक वापरले गेलेले व्हॉट्सॲप होते. ‘असर’ या वार्षिक पाहणीच्या २०२० च्या फोनवरील फेरीत देशभरातील ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला, २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. मात्र पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही शैक्षणिक साहित्य मिळालेली मुले केवळ एक तृतीयांशाच्या घरात होती.

व्हॉट्सॲपवरचा गृहपाठ हा प्रकार जवळून पाहण्याजोगा आहे. शिक्षक सकाळी गटावर पानाचे छायाचित्र टाकतात. वडील शेतात गेलेले असल्याने ते संध्याकाळी मुलाच्या हाती येते. मूल वहीत उत्तरे लिहिते, मोठी बहीण कंदिलाच्या नव्हे पण चाळीस वॉटच्या दिव्याच्या उजेडात त्याचा फोटो काढते आणि रात्री तो पाठवते. शिक्षकाच्या फोनवर तीस वह्यांचे तिरपे, अंधुक फोटो जमतात. तपासणी झालीच तर अंगठ्याच्या चिन्हाने होते. आठवणीचा सराव येथे नाही, कारण पुस्तक उघडेच असते. लगेच दुरुस्तीही नाही. आणि ज्याला अक्षरओळखच नाही त्या पहिलीच्या मुलाला या सगळ्यात प्रवेशच नाही. त्यातच कित्येक शिक्षकांना तपासणी नाक्यांवर आणि घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणात कामाला लावलेले होते. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे देशातील प्रमाण २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरलेले दिसले, याचे आश्चर्य वाटू नये. नेदरलँड्समध्ये शाळा अवघे आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघर उत्तम इंटरनेट होते, तरीही तेथील मुलांनी त्या काळात जवळपास काहीच प्रगती केली नव्हती, असे २०२१ च्या एका अभ्यासात आढळले. तेव्हा दोष केवळ रेंजचा नव्हता.

याच काळातील एक उजळ निष्कर्ष आफ्रिकेतील बोट्सवाना या देशातून आला, आणि सेनगावसारख्या तालुक्याला तो लॅपटॉपच्या कोणत्याही योजनेपेक्षा अधिक उपयोगी आहे. तेथे काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणे साध्या संदेशाने पाठवली गेली. काहींना त्याच्या जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही आला, ज्यात पालकाने फोनचा स्पीकर चालू करावा, शिक्षकाने मुलाकडून एक उदाहरण सोडवून घ्यावे आणि चूक तेथेच दुरुस्त करावी अशी पद्धत होती. नुसत्या संदेशाने ठाम फरक पडला नाही. संदेश आणि फोन मिळून मात्र ०.१२ प्रमाण विचलनाची वाढ झाली. यासाठी लागला तो बटणांचा साधा फोन, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला त्या मुलाला नावाने ओळखणारा माणूस.

हा माणूस आपल्या फोनवर दिवसभर काय करतो, याचा विचार शिक्षकांच्या तंत्रज्ञान-वापराच्या चर्चेत सहसा होत नाही. शिक्षक तंत्रज्ञानाला घाबरतात हा समज आज तरी निराधार आहे. २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत, शाळेची माहिती यू-डायसमध्ये, पगार ‘शालार्थ’मध्ये, पोषण आहाराचा रोजचा आकडा आणखी एका ठिकाणी, आणि केंद्रप्रमुखांच्या गटावर ‘आजच्या आज’ मागवलेली माहिती, अशी ऑनलाइन कामे जिल्हा परिषदेचा शिक्षक रोज उरकतो. दोनशिक्षकी शाळेत त्यांतील एक जण मुख्याध्यापकाचाही भार वाहत असल्याने, माहिती भरण्यात गेलेला तास हा थेट दोन इयत्तांचा तास असतो. लिंडेन यांच्या प्रयोगाच्या भाषेत सांगायचे, तर तंत्रज्ञानाने शिक्षकाच्या तासाची जागा आधीच घेतलेली आहे, फक्त त्यातून शिकवले काही जात नाही. शिक्षक संघटनांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ अशी मागणी सातत्याने केली, ती या अर्थाने शैक्षणिक तंत्रज्ञानाविषयीचीच मागणी आहे.

प्रशिक्षणाचीही गत अशीच होत आली. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या अभ्यासकांनी २००६ मध्ये असे मांडले, की विषयाचे ज्ञान, शिकवण्याचे ज्ञान आणि साधनाचे ज्ञान ही तीन वेगवेगळी असून चांगला शिक्षक ती जेथे एकमेकांत मिसळतात तेथे काम करतो. अपूर्णांकांत मुले नेमकी कोठे अडखळतात, एक तृतीयांशापेक्षा एक चतुर्थांश मोठा असे त्यांना का वाटते, हे ठाऊक असलेल्या शिक्षकालाच पडद्यावर भाकरीचे तुकडे पाडणारा कार्यक्रम कोठे थांबवायचा हे कळते. अ‍ॅप कसे उतरवावे, लॉगिन कसे करावे, प्रमाणपत्र कसे मिळवावे एवढेच शिकवणारे प्रशिक्षण तिसऱ्या ज्ञानापाशीच संपते.

आता पुन्हा जोडवर्गाकडे यावे. दोनशिक्षकी शाळेत एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते असे धरले, तर दर तासाला दोन इयत्ता शिक्षकाच्या लक्षाबाहेर असतात, आणि यंत्राने घेण्याजोगी जागा हीच आहे. तिसरीला गुणाकार शिकवला जात असताना चौथीची सात-आठ मुले भिंतीकडे तोंड करून दोघांत एक असे टॅब घेऊन, आधीच उतरवून ठेवलेली, चुकले की लगेच सांगणारी उदाहरणे सोडवतात. वीस मिनिटांनी गट बदलतात आणि शिक्षक चौथीकडे वळतात तेव्हा कोणाला हातचा घेणे जमले नाही याची यादी त्यांच्यासमोर असते. पडदा सर्वांसमोर मध्यभागी न ठेवता एका कोपऱ्यात ठेवावा लागतो, आवाज हेडफोनमधून द्यावा लागतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत मुलांना आपसांत पाळी ठरवायला शिकवावे लागते. चित्रफितींनी भरलेल्या पेनड्राइव्हपेक्षा अशा सरावाचे साहित्य मराठीत कमी आहे, ही खरी उणीव. तालुक्यातील तांड्यांवर घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारी मुले पहिलीत येतात. त्यांना ओळखीच्या बोलीतील गोष्ट ऐकवून मग मराठी शब्दाकडे आणणारे ध्वनिमुद्रण गावातल्याच एखाद्या आजीच्या आवाजात फोनवर करता येते, आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. बाजारातील कोणतेही तयार उत्पादन हे देऊ शकणार नाही.

यंत्र बंद पडण्याची कारणेही बहुतांशी सामान्य आहेत. वीजबिलासाठी नियमित तरतूद नसल्याने राज्यातील अनेक जिल्हा परिषद शाळांचा पुरवठा वेळोवेळी तोडला गेला आहे. प्रोजेक्टरचा दिवा गेला तर नवा घेण्याइतके पैसे शाळेच्या खात्यात नसतात. टॅबची बॅटरी दोन-तीन वर्षांत फुगते. लोकवर्गणी खरेदीच्या दिवशी जमते, दुरुस्तीच्या दिवशी जमत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने खरेदीच्या वेळीच दुरुस्तीचा पैसा बाजूला काढला, तर वरील बहुतेक अडचणींना उत्तर मिळते.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांची गोष्ट वेगळी आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला अक्षरओळख, स्वतः वेळापत्रक पाळण्याची थोडी सवय आणि स्वतःचा फोन असतो, म्हणून ‘स्वयम्’ या २०१७ च्या राष्ट्रीय व्यासपीठावरून तालुक्याच्या महाविद्यालयात न मिळणारा विषय त्याला खरोखर मिळू शकतो. तरीही जगभरातील अशा खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन जणच ते पूर्ण करतात, असे हार्वर्ड आणि एमआयटीच्या अभ्यासक्रमांच्या २०१७-१८ च्या नोंदींत दिसून आले. शाळकरी वयाच्या वरच्या टोकाला चित्र असेच संमिश्र आहे: २०२४ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पाहणीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो शिक्षणासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

सेनगावमध्ये या आकड्यांना आणखी एक बाजू आहे. हिंगोली जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाहणीत ‘घरी स्मार्टफोन आहे’ असे नोंदवले गेलेले घर तेव्हा कारखान्याच्या तळावर असते आणि फोन मुकादमाशी बोलण्यासाठी वडिलांच्या खिशात असतो. मूल एकतर त्याच तळावर लहान भावंड सांभाळत असते, किंवा गावात आजीजवळ, हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहिलेले असते. गावात राहिलेल्या मुलासाठी आधी शाळा आहे, मग पडदा. तळावर गेलेल्या मुलासाठी मात्र दोन्ही नाहीत, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा ज्ञात मार्ग बोट्सवानातलाच आहे: मोळ्या वाहून झाल्यावर संध्याकाळी, आधी ठरवून, आठवड्यातून एकदा आलेला आपल्या गुरुजींचा किंवा बाईंचा फोन, आणि त्यावर तोंडी सोडवलेली दोन-तीन उदाहरणे. त्यासाठी नवे ॲप लागत नाही. स्थलांतरित मुलांच्या यादीत पालकाचा चालू क्रमांक आणि हा फोन करायला शिक्षकाच्या आठवड्यात मोकळे ठेवलेले दोन तास लागतात, आणि सध्याच्या ऑनलाइन कामांतून नेमके ते दोन तास काढणे अवघड आहे.